शॉयफेलेंची खटखट

जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या आमच्या गल्लीतले गॉटहिल्फ शॉयफेले एकतीस वर्षं एकच काम करताहेत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंजिन खटखटवायचं आणि मग ते खटखटू नये म्हणून डोकं खाजवायचं. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपलं आपण भडकतं, तेव्हा ही खटखट होते. वाढदिवसाचा केक कापायच्या आधीच कोपऱ्यातल्या मावशीनं खायला घ्यावं, तशातला प्रकार. शॉयफेलेंनी अशा हजारो मावश्या पकडल्या. सगळ्या पडद्यावर!

त्यांची स्वतःची जुनी हिरवी मोटार मात्र चढावर खुशाल खटखटायची.

"रविवारी टेकडीवर गुपचूप चढली तर राहील," बायको वाल्ट्राउटनं बजावलं, "नाहीतर सोमवारी भंगारात. तुझी आईसुद्धा एवढी कटकट करत नव्हती."

मोटारीत शॉयफेलेंचा जीव. बिचाऱ्यांनी आठवडाभर तिचं इंजिन कॉम्प्युटरवर चालवलं, टेकडीचं वळण न् वळण त्यात घातलं आणि ठिणगीची जी वेळ निघाली, ती केसभरही फरक न करता गाडीत बसवली. पडद्यावर एकही मावशी हलली नव्हती.

रविवारी दुसऱ्याच वळणावर खट्. मग खटखटखट.

शॉयफेले जोरजोरात खोकायला लागले. तेवढ्यानं भागेना, तेव्हा गायला लागले.

"लग्नात गायला नाहीस तू! थांबव गाडी," वाल्ट्राउट म्हणाली. "पेट्रोल कुठलं भरलंस?"

"आपलं नेहमीचं. सगळ्यात स्वस्त."

"आणि कॉम्प्युटरमध्ये?"

महागाचं पेट्रोल धीराचं, स्वस्तातलं उतावळं, हे शॉयफेलेंइतकं गावात कुणाला ठाऊक होतं?

"सगळ्यात महाग," ते पुटपुटले. "तिथं फुकट असतं ना."

"उतर खाली. तुझे एकशे अठरा किलो लादल्यावर बैलसुद्धा बोंबलेल. आणि हे धर!" तिनं जेवणासाठी आणलेलं बटाट्याच्या सॅलडचं पातेलं त्यांच्या हातात दिलं, स्वतः स्टिअरिंग धरलं, खालचा गिअर टाकला आणि निघाली.

शॉयफेले पातेलं पोटाशी धरून मागे. धापा टाकताहेत, पण कान गाडीकडे. तिसरं वळण, चौथं... आवाज नाही!

वर पोचले तेव्हा वाल्ट्राउट बॉनेटला टेकून उभी होती. "नाही खटखटली. राहू दे मेली."

"खरंच?"

"खरंच. चढावर तू चालायचंस."

"कबूल!" शॉयफेले एवढ्या जोरात ओरडले की सॅलड सांडलं.

हल्ली दर रविवारी ते गाडीमागून टेकडी चढताना दिसतात. "भांडलात का हो?" असं कुणी विचारलं की छाती काढून सांगतात, "छे हो, चाचणी चालू आहे."