शेवटची दहावी

आमच्या हायस्कुलात दहावीच्या निरोपाला कोणी निरोप समारंभ म्हणत नसे. कापडी फलकावर तसं लिहिलेलं असायचं, पण बोलताना सगळ्यांच्या तोंडात ‘सेंड-ऑफ’. तो नववीची मुलं करायची. हॉल झाडायचा, पताका लावायच्या, पोदेराला आदल्या दिवशी जादा पाव सांगून ठेवायचे आणि सकाळपासून घरोघरच्या आयांकडून बटाट्याच्या भाजीचे टोप आणायचे, हे सगळं त्यांच्याकडे. माझ्याकडे, म्हणजे हेडमिस्ट्रेसकडे, एकच काम: शेवटचं भाषण.

गोव्यात चोपड्याहून आत वळलं की टेकडीच्या कुशीत आमची शाळा. वरच्या वर्गांच्या जनेलांतून नदी दिसायची आणि भरतीच्या वेळी मुलांचं लक्ष हमखास बाहेर असायचं. मी तिथे शिक्षिका म्हणून लागले तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या. पुढे हरमल-मांद्र्याकडे पर्यटकांना खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, घरांत चार सुखाचे दिवस आले, आणि ज्यांना जमलं त्यांनी मुलं व्हॅनमधून पेडण्याच्या नाहीतर म्हापशाच्या मोठ्या शाळांत घातली. आमच्याकडे उरली ती होडीवाल्यांची, शेतकऱ्यांची आणि सिंधुदुर्गातून किनाऱ्यावरच्या शॅकवर कामाला आलेल्यांची मुलं. पट घसरत होता, हे मला दिसत होतं. पण घसरणं वेगळं. म्हातारं माणूस घरात वर्षानुवर्षं खोकत असतं, म्हणून ते आज जाईल असं आपण धरून चालत नाही.

त्या वर्षीच्या सेंड-ऑफला संस्थेचे अध्यक्ष आले होते. गावात लहानथोर सगळे त्यांना भाई म्हणत. मांद्र्याच्या तिठ्यावर त्यांचं भुसारी दुकान. आमच्या शाळेच्या पहिल्या बॅचचे ते विद्यार्थी, आणि मला नोकरीवर घेणारेही तेच. दर वर्षी ते दोन मिनिटं बोलायचे, ‘आईवडिलांचं नाव काढा’ म्हणायचे आणि भाजीपावाची वाट बघत बसायचे. मुलांना त्यांचं भाषण आवडायचं, कारण ते लगेच संपायचं.

त्या दिवशी ते उठले आणि माईकजवळ जाऊन बराच वेळ नुसते उभे राहिले. कोणीतरी माईक बंद आहे असं समजून बटण दाबायला धावलं. भाईंनी हातानेच त्याला थांबवलं.

“मुलांनो,” ते म्हणाले, “तुम्ही या शाळेची शेवटची दहावी. येत्या वर्षापासून शाळा बंद होणार. नववीपर्यंतच्या मुलांना दुसऱ्या शाळांत जावं लागेल. तुम्ही मात्र कुठेही गेलात तरी आईवडिलांचं नाव काढा.”

आणि ते येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

मी ऐकलं ते मला कळलंच नाही. शब्द सगळे कळले. पण आपल्या घराविषयी परक्या गावच्या बसमध्ये कोणी बोलत असावं, तसे ते कानावरून गेले. मी त्यांच्याकडे वळून हसलेसुद्धा. भाषणानंतर शेजारच्या माणसाकडे बघून हसायची इतक्या वर्षांची सवय! मग त्यांचा हात दिसला. गुडघ्यावर तो रुमालाची घडी घालत होता आणि मोडत होता. तेव्हा ऐकलेलं मला कळलं.

हॉलमध्ये कोणी ओरडलं नाही, रडलं नाही. मागच्या रांगेत बसलेली नववीची मुलं एकमेकांकडे बघत होती. पताका त्यांनीच लावल्या होत्या. माझे शिक्षक माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता: बाईंना हे माहीत होतं? मी मान हलवून नाही म्हणायला हवं होतं, पण मान हलेना.

सूत्रसंचालन करणाऱ्या नववीच्या मुलीने समोरच्या कागदावर होतं ते वाचलं, “आता आमच्या आदरणीय टीचर आपल्याला मार्गदर्शन करतील.” दुसरं ती बिचारी काय वाचणार?

मी उठले. माईकपर्यंत पोचले कशी, ते आठवत नाही. माझं भाषण पाठ होतं, दर वर्षीचंच होतं. त्यात एक वाक्य असायचं: जगात कुठेही जा, ही शाळा तुमचीच आहे, कधीही परत या. ते वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. पुढचं सगळं भाषणच त्या वाक्याला बांधलेलं होतं. ते गेलं तसं सगळं गेलं.

“हे मीसुद्धा आत्ताच ऐकलं,” मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला. “तुमच्याबरोबरच. मला काय बोलावं सुचत नाही.”

मुलं हललीही नाहीत. दहावीच्या मुलांनी इतक्या वर्षांत माझं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नसेल. आणि मग, का कोण जाणे, मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगायला लागले. शाळेत मी घरचं कधी बोलत नसे.

माझं माहेर डिचोलीचं. वडील खाणीवर फिटर होते. एका सकाळी ते जेवणाचा डबा घेऊन कामाला गेले आणि थोड्याच वेळात परत आले. गेटला कुलूप होतं. खाण बंद. आत जाऊन आपली हत्यारंही कोणाला आणता आली नाहीत. वडील घराबाहेरच्या सोप्यावर बसले, चपला न काढता. आई दारात येऊन “किदें जालें?” विचारत राहिली आणि ते डब्याकडे बघत राहिले. संध्याकाळी आईने तो डबा उघडला तेव्हा आमटी आंबली होती. मी तेव्हा नोकरीला लागले होते, हे सगळं आईनेच मला सांगितलं. सुट्टीला घरी गेले तेव्हा ते पंप दुरुस्त करत फिरू लागले होते. मी विचारलं, बाबा, कसं सावरलात? ते म्हणाले, “पहिल्या दिवशी पाय चालत नाहीत, बाय. नाही चालत तर बसावं. पण समोर कोण आला तर त्याला विचारावं, आता पुढे काय. विचारायला लाजू नये.”

“मला आज तुम्हाला एवढंच सांगता येतं,” मी मुलांना म्हणाले. “असे दिवस तुमच्याही वाट्याला येतील. कॉलेजात येतील, नोकरीत येतील. त्या दिवशी शूर वगैरे होऊ नका. बसा. आणि जो समोर असेल त्याला विचारा.”

मी जागेवर येऊन बसले. टाळ्या झाल्या नाहीत. आभार मानायला दहावीची एक मुलगी उठली. तिचे वडील होडीवर जात, आणि ती वर्गात फारशी बोलत नसे. अक्षर चांगलं म्हणून आम्ही तिला आभार लिहायला सांगितले होते. ती माईकपाशी आली, आणि आभार न मानता सरळ भाईंकडे वळली.

“भाई, शाळा बंद होणार हे तुम्हाला कधी कळलं?”

अध्यक्षांना असा प्रश्न आमच्यापैकी कोणी शिक्षकाने कधी केला नव्हता. आमच्या सुपरवायझर सरांनी तिला खाली बसवायला अर्धवट हात उचलला. पण भाई बसल्या जागेवरून म्हणाले,

“चवथीच्या सुट्टीत.”

चवथ, म्हणजे गणपती. तेव्हापासून ते दर महिन्याला शाळेत आले होते, माझ्या ऑफिसात चहा प्याले होते, गळक्या कौलांविषयी बोलले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“मग आज का सांगितलंत?” मुलीने विचारलं. तिच्या आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“एकेकाच्या घरी जाऊन सांगायचा धीर झाला नाही गो,” भाई म्हणाले. “बाईंना सांगायला तर तीन वेळा आलो. बाई चहा मागवायच्या, आणि मी पिऊन परत जायचो. आज म्हटलं, सगळे एकदम भेटणार. एकदाच बोलायचं.”

“आणि आम्हाला पुढे कधी दाखला लागला तर कोणाकडे यायचं?”

शाळा गेली की तिच्यात शिकल्याचा पुरावा द्यायला कोण उरतं, हा विचार माझ्या डोक्यात तोवर आला नव्हता. भाई म्हणाले, “विचारून सांगतो.” ती म्हणाली, “बरं,” आणि मग तिने शांतपणे सगळ्यांचे आभार मानले. आधी अध्यक्षांचे, मग शिक्षकांचे, मग नववीचे.

ती खाली बसते न बसते तोच नववीच्या रांगेतून एक मुलगा उभा राहिला. वर्गात बाक वाजवण्यासाठी त्याची ख्याती होती. सगळे एकत्रच जाणार का, असं मराठीत विचारायला सुरुवात करून तो लगेच घरच्या बोलीवर आला. “भाई, आमी सगळे एकाच शाळेत वचतले? एकाच वर्गात आसतले?”

मग प्रश्न थांबेनात. बस कुठून सुटणार, युनिफॉर्म बदलणार का, आमच्या टीचरही तिथे येणार का. भाई उठून उभे राहिले होते आणि प्रत्येकाला उत्तर देत होते. बहुतेकांना एकच, “ठाऊक नाही, विचारून सांगतो.” त्यांच्या कपाळावर घाम होता. पण रुमाल त्यांनी खिशात ठेवून दिला होता.

भाजीपाव त्या दिवशी कोणी नीट खाल्ला नाही. पाव उरले, ते मुलांनी घरी नेले.

त्यानंतर मी भाईंशी काही दिवस कामापुरतंच बोलले. राग होता, आणि तो लपवायची मी तसदी घेतली नाही. मग एका सकाळी ते स्वतःची गाडी घेऊन शाळेत आले. “बाई, चला. त्या मुलाच्या प्रश्नाचं बघायचं आहे.” आम्ही तालुक्यातल्या शाळा फिरलो. कोणी पाच मुलं घ्यायला तयार, कोणी सात. वर्ग भरलेले, त्यांचंही खोटं नव्हतं. परतताना रस्त्यात भाई एकदम म्हणाले, “पायाचा खड्डा खणायला मी होतो. शाळकरी पोर होतो. आम्ही पोरांनी खणला.”

शेवटी एका हेडमास्तरांनी ऐकलं. लायब्ररीची खोली रिकामी करून त्यांनी आमच्या सगळ्या नववीला एकत्र घेतलं. खालच्या वर्गांची मुलं मात्र विखुरली. दाखल्यांची दप्तरंही त्याच शाळेत ठेवायचं ठरलं. ते सांगायला भाई त्या मुलीच्या घरी स्वतः गेले, हे मला तिच्या आईकडून नंतर कळलं.

मी सरप्लस, म्हणजे जादा शिक्षिका, ठरले. माझी बदली डिचोली तालुक्यात, माझ्याच माहेरच्या भागातल्या एका शाळेत झाली, साधी शिक्षिका म्हणून. हेडमास्तर माझ्याहून बरेच तरुण. त्यांनी अदबीने स्टाफरूममधली जनेलाजवळची जागा मला दिली आणि आठवीचं गणित सोपवलं.

पहिल्या दिवशी वर्गावर गेले. मुलं उठली, बसली. मी सांगितलं, मी पेडणे तालुक्यातून आलेय, तिथली माझी शाळा बंद पडली. मग पुढच्या बाकावरच्या एका बारक्या मुलीने हात वर केला.

“टीचर, शाळापण बंद पडते?”

तिचे डोळे मोठे झाले होते. सेंड-ऑफच्या दिवशी हॉलमध्ये माझे कसे झाले असतील, ते तेव्हा मला दिसलं.

“पडते,” मी म्हणाले.

“मगे?”

मी खडू हातात घेतला होता, तो खाली ठेवला. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, आणि तिला म्हटलं, विचार, आणखी काय काय विचारायचं आहे ते. गणिताचा तास त्या दिवशी झाला नाही.