लीला कोणावर रागावली?

मी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. लीलाचा विश्वास गेलेला नाही, लीला रागावली आहे. कोणी ऐकलं? चौथी शिकलेल्या, लोकांच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईचं कोण ऐकतं! आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायको, पाळकबाई, त्या म्हणाल्या, "सुगंधाबाई, तसं नाही. ती खचली आहे." खचलेली बाई दर बुधवारी केस विंचरून, वेळेच्या आधी येऊन बसते का? फुगून बसायचं तरी समोर कोणीतरी लागतं.

नवीन पनवेलमध्ये आमची बुधवारची महिला प्रार्थना असते. दुपारी तीनला, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. दहा-बारा बाया. कोणाचा नवरा गेला, कोणाचा आहे पण पितो, कोणाच्या छातीतली गाठ काढली. आधी रडतात, मग चहा टाकतात, आणि चहा उकळेपर्यंत एक गप्प बसेल तर शपथ! किस्से साठणार नाहीत तर काय होईल? या वर्षीचे बहुतेक लीलाचेच निघाले.

*

आधी काय झालं ते सांगते. लीला शाळेत आया आहे. तिची मुलगी दीना नर्स होती, चोवीस वर्षांची. डेंग्यू झाला. आम्ही उपास धरले, प्रार्थना केल्या. बुधवारी प्लेटलेट्स वाढल्या. आम्ही आभार मानले, पेढे वाटले. शुक्रवारी दीनाला माती दिली.

आमच्यात साखळी प्रार्थना असते. गोल बसायचं, डोळे मिटायचे, एकीचं संपलं की शेजारणीने धरायचं. लीलाची पाळी आली की सगळं थांबायचं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची. मग तिच्या शेजारची मी सुरू करायचे. अकरा महिने तिने प्रभूचं नाव तोंडातून काढलं नाही. ती परत कधी प्रार्थना करेल की नाही, हाच आमचा प्रार्थनेचा विषय होऊन बसला. तिच्यासमोर मागता येईना, म्हणून ती आत चहाला गेली की घाईघाईत मागायचो.

पुढे बायांना माझं पटलं. ती रागावलीच आहे. पण प्रत्येकीला वाटलं, माझ्यावरच!

*

पहिली रूथ. मातीच्या दिवशी ही बाई लीलाच्या गळ्यात पडून म्हणाली, "लीला, देवाला चांगली माणसं लवकर लागतात गं."

मी म्हटलं, "मग तू अजून इथे कशी?"

रूथ दोन महिने माझ्याशी बोलली नाही. लीलाकडे मात्र शेवयांची खीर घेऊन गेली. "चुकले गं, तोंडातून निघून गेलं," म्हणून रडली.

लीलाने वाटीभर खीर खाल्ली, वाटी धुऊन परत दिली आणि म्हणाली, "साखर कमी आहे."

*

मग पाळकसाहेब. ह्यांना वाटलं, कबरस्थानातला उपदेश लांबला त्याचा राग असेल. लांबला होता हे खरंच. भर उन्हात पाऊण तास! माझ्या चपलेचा सोल सुटला. एका रविवारी उपासनेनंतर लीलाला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी जरा जास्त बोललो. मन दुखावलं असेल तर क्षमा करा."

लीला म्हणाली, "नाही हो, पाळकसाहेब. मी ऐकतच नव्हते."

क्षमा मागायला आले होते, स्वतःच दुखावून गेले.

*

सलोमीचं तर विचारूच नका. तिचा नवरा प्यायचा. एकोणीस वर्षं हिचा एकच विषय, "प्रभू, ह्यांची दारू सोडव." आम्हाला तो पाठ झालेला.

एका बुधवारी तिचा विषय सुरू होता. नवरा तिला न्यायला लवकर आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. दारात उभा राहून त्याने बायकोची सगळी प्रार्थना ऐकली आणि मधेच ओरडला, "अगं, मी सोडून तीन महिने झाले की!"

आमचे सगळ्यांचे डोळे उघडले.

सलोमी लालबुंद झाली. म्हणाली, "हळू बोला! माझं मागणं ऐकलं आणि तिचं नाही, हे कळलं तर लीलाला वाईट वाटेल!"

लीला तिच्या समोरच बसली होती.

"अभिनंदन," लीला सलोमीच्या नवऱ्याला म्हणाली. "चहा घ्या."

*

बेबीताई पाटील आमच्या मंडळीतली नाही. आपटा गावाकडची, लीलाच्या खालच्या मजल्यावर राहते. गाणी आवडतात म्हणून येऊन बसते. तिचा वेगळाच घोर. दीना आजारी पडायच्या आदल्या दिवशी हिने तिला जिन्यात पाहून म्हटलं होतं, "युनिफॉर्ममदी काय दिसते गो पोर!" आपलीच नजर लागली, हे तिने मनात धरलं.

एकदा पदराखाली फोडलेला नारळ घेऊन आली. "तुमच्या देवाला टाइम नाय, म्हनून मी आमच्या आईला सांगून आले. दोगांना सांगितलेलं बरं!"

पाळकबाई खाकरल्या. "बेबीताई, आमच्यात असं चालत नाही."

"चालत नाय तर रावू दे. फोरलाय तर चटनी तरी करा!"

चटणी झाली. दुसऱ्यांदा कोणी मागितली ते मी लिहीत नाही. त्यांचा नवरा पाळक आहे.

*

माझंही सांगते, लपवून काय करू? प्लेटलेट्स वाढल्या त्या बुधवारी आभाराची प्रार्थना मीच केली होती. सगळ्यांत मोठ्या आवाजात. पेढेही मीच आणले. लीला त्याचा राग धरून असेल असं आतून खात होतं. मी काही खीर घेऊन जाणारी नाही. सरळ विचारलं, "लीला, माझ्यावर राग आहे का?"

"तुझ्यावर?" ती म्हणाली. "तुझ्यावर रागवायला वेळ कुणाला आहे!"

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चार दिवस मीच तिच्यावर फुगून होते.

*

मागच्या महिन्यात प्रार्थना लीलाच्याच घरी होती. भिंतीवर दीनाचा युनिफॉर्ममधला फोटो. साखळी फिरत फिरत लीलापाशी आली. पंख्याची घरघर सुरू झाली. मी सवयीने तोंड उघडलं, तेवढ्यात ती बोलली.

"हे बघ."

"हे प्रभू" असं सगळ्या सुरू करतात. "हे बघ" असं कोणी सुरू करत नाही. मी एक डोळा उघडला. तिचे दोन्ही मिटलेले होते.

"हे बघ, अकरा महिने मी तुझ्याशी बोलले नाही. मुद्दाम बोलले नाही. या बाया बिचाऱ्या माझी माफी मागत फिरतात. ह्यांचा काय दोष? ह्या उपाशी राहिल्या, ह्यांनी गुडघे टेकले. बुधवारी ह्यांचे आभार घेतलेस ना? मग शुक्रवारी कुठे होतास? सांग मला. नाही, उठू नकोस. इथेच बस. माझं संपलेलं नाही."

अर्धा तास बोलली. दीनाच्या जन्मापासून धरलं ते हॉस्पिटलपर्यंत आणलं. रडली, नाक पुसलं, परत धरलं. पाळकबाईंनी मधे दोनदा हळूच "आमेन" म्हणून पाहिलं. लीला थांबली नाही.

शेवटी एकदाची थांबली. बेबीताई उशिरा येऊन दाराशी टेकली होती. तिला वाटलं, कोणाशी तरी मोठं भांडण झालंय. रूथच्या कानाशी लागून कुजबुजली, पण तिची कुजबुज म्हणजे खालच्या मजल्याला ऐकू जाणार. "कोनाला बोलते गो ती एवरं? चुकला तो हाय तरी कोन?"

लीलाने डोळे न उघडताच सांगितलं,

"येशू."