कोरड्या टाकीची प्रभारी

"अर्ज योग्य मार्गाने आलेला नाही."

"दोन जिने चढून स्वतःच्या पायांनी आणलाय, काका. ह्याहून योग्य मार्ग कुठला?"

"केंद्रप्रमुखामार्फत. त्यांचा अभिप्राय, त्यांची सही, केंद्राचा शिक्का. मग इकडे."

"पण त्या केंद्रात मी एकटी आहे!"

"एकटी असा नाहीतर दुकटी. केंद्र आहे म्हणजे प्रमुख आहे."

"अहो, नाहीये! मी आहे, एक टेबल आहे आणि एक पाल आहे."

"पाल आपल्या आस्थापनेवर आहे का?"

"काय?"

"नाही ना? मग तिथे ज्येष्ठ कोण? तुम्ही. प्रमुखाची जागा रिकामी असेल तर ज्येष्ठ कर्मचारी तिथला प्रभारी. तेव्हा तुमचा अर्ज तुम्ही तुमच्याकडे द्या. तुम्हाला योग्य वाटला तर तुम्ही तो माझ्याकडे पाठवाल."

समोरचा माणूस थट्टा करतोय का, हे मीटरताईने नीट निरखून पाहिलं. पाणीखात्यातल्या लोकांच्या बदल्या, रजा आणि पगार ह्याच माणसाच्या टेबलावरून जायचे. शर्टाच्या खिशाला कायम टाचण्यांची रांग, म्हणून सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही विनोद केला नव्हता. आजही केलेला नव्हता.

मीटरताई म्हणजे पाण्याचे मीटर दुरुस्त करणारी. अकरा वर्षं ती खात्याच्या कारखान्यात एकाच बाकावर बसली होती. घराघरांतून काढून आणलेले बंद मीटर टोपलीत येऊन पडत आणि ती ते एकेक करून उघडी. काचेखाली धुकं साचलेलं, जाळीत वाळू अडकलेली, आतल्या चिमुकल्या पंख्याचं पातं मोडलेलं. चाचणीच्या नळावर मीटर चढवला की स्क्रूड्रायव्हरचं टोक मीटरवर, मूठ कानाशी, आणि डोळे मिटून ऐकायचं. "ह्याला दम लागतोय," म्हणायची. "आणि हा लबाड आहे, धावतोय जास्त, पाणी देतोय कमी." मग दुरुस्ती, तारेचं सील, पुढचा मीटर. तिच्या हातून गेलेला मीटर वर्षाच्या आत परत आला तर ती घरचं कुणी चुकल्यासारखी नाराज व्हायची. त्या दिवशी तिच्याशी बोलायचं नाही, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

नवरा जहाजावर स्वयंपाकी. आठ महिने पाण्यावर, दोन महिने घरी, आणि घरी असला की वीस माणसांचा स्वयंपाक करून ठेवायचा, कारण कमी माणसांचा त्याला जमतच नसे. पाच वर्षांची मुलगी. एका जागी बसत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी. बाकापासून भिंगरीचं पाळणाघर दहा मिनिटांवर. पाचला सुटायचं, साडेपाचच्या आत पाळणाघराच्या मावशींसमोर हजर व्हायचं. अकरा वर्षं काम आणि गेली चार वर्षं ही धावपळ, दोन्ही बिनबोभाट चाललं होतं.

मग नवे साहेब आले. त्यांना आढावा बैठकांची फार हौस, आणि आढावा त्यांना सुचायचा तो बरोबर पाच वाजता. पहिल्या दिवशी मीटरताई पाचला एक मिनिट असताना उठली.

"कुठे निघालात?"

"मुलीला आणायला."

"घरी दुसरं कोणी नाही का?"

"आहे की. नवरा आहे. सध्या समुद्रात आहे. साहेब, बैठक चारला घ्या ना, मी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडीन."

सगळे हसले, आणि तिथेच घोळ झाला. तिसऱ्या दिवशी हुकूम हातात पडला: प्रशासकीय कारणास्तव जुनी टाकी, पातळी नोंद केंद्र.

जुनी टाकी गावाबाहेर होती. नवी टाकी बांधल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, तिच्यात पाणी नव्हतं. पण पाण्याची पातळी दर तासाला वहीत नोंदवण्याचं पद कुणी रद्द करायला विसरलं होतं. मीटरताई दर तासाला लोखंडी शिडी चढायची, वाकून आत बघायची, खाली उतरायची आणि शून्य लिहायची. दिवसाला आठ शून्यं. महिन्याच्या शेवटी मुख्य कार्यालयाकडून छापील पत्र आलं: आपल्या केंद्रात पातळीत कोणतीही घट झाली नाही, अभिनंदन. त्याच लिफाफ्यात दुसरं पत्र होतं. कामाचं प्रमाण पाहता आपलं पद कुशल कारागिरावरून नोंद कारकून असं करण्यात येत असून पगार त्यानुसार कमी करण्यात येत आहे.

"अभिनंदन कुणाचं आणि पगार कुणाचा?" ती पालीला म्हणाली. बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

कमी पगार तिने कसाबसा पचवलाही असता. पण टाकीवरून यायला एकच बस, आणि ती पाळणाघरापाशी सोडायची सहा चाळीसला. तोवर भिंगरी दप्तर पाठीला लावून पायरीवर बसलेली.

"आज किती शून्यं लिहिलीस, आई?"

"आठ."

"मला पण येतं शून्य. उद्या मी येते तुझ्या ऑफिसात."

मागे मावशी कुलूप हातात घेऊन उभ्या. "ताई, पोर गुणी आहे, बोलायला जागा नाही. पण माझ्याही घरी चूल आहे. महिनाअखेरपर्यंत सांभाळते. पुढे तुम्ही तुमचं बघा."

म्हणून तो बदली रद्द करण्याचा अर्ज, म्हणून ते दोन जिने, आणि आता हे टाचणीकाका.

दुसऱ्या दिवशी टाकीवर मीटरताईने अर्ज टेबलाच्या एका बाजूला ठेवला, उठली, वळसा घालून पलीकडे जाऊन बसली. कुणाला वाटेल, नुसती सही ठोकून मोकळी झाली असेल. पण तिच्या हातून आजवर एकही मीटर न तपासता सीलबंद झाला नव्हता. तिने अर्ज वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग वर लिहिलं: "कारणे मोघम आहेत. सविस्तर लिहावीत." आणि परत पाठवला.

वळसा घालून अलीकडे आली, शेरा वाचला आणि संतापली. "मोघम? हिला काय जातंय बोलायला!"

तरी सविस्तर लिहिलं. बसची वेळ लिहिली, पाळणाघराची वेळ लिहिली, अकरा वर्षांत दुरुस्त केलेले मीटर लिहिले. पलीकडे जाऊन वाचलं. ह्यावेळी बरं होतं. प्रभारींनी खाली एक प्रश्न लिहिला: "घरी दुसरं कोणी नाही का?"

लिहिलं आणि पेन तसंच थांबलं. मग ती ओळ तिने इतकी खोडली की कागदाला भोक पडलं, आणि तिला सगळा अर्ज पुन्हा लिहावा लागला.

शेवटी अभिप्राय तयार झाला: "अर्जदाराचे म्हणणे खरे आहे. टाकी कोरडी आहे. इथे कर्मचाऱ्याची गरज नाही." सही, शिक्का. नियमाप्रमाणे एक प्रत थेट मुख्य कार्यालयाला. हा अधिकार अर्जदाराला नव्हता, प्रभारीला होता.

त्या प्रतीने गंमत केली. कोरड्या टाकीवर माणूस कुणी नेमला, असं मुख्य कार्यालयाने विचारलं. साहेबांनी घाईघाईने सुनावणी लावली. टाकीवर दोन लिफाफे आले, एक अर्जदाराला, एक प्रभारींना. मीटरताईने पोचपावतीवर दोनदा सही केली.

सुनावणीच्या खोलीत साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. पाठीवर चिठ्ठ्या टाचलेल्या. डावीवर अर्जदार, उजवीवर प्रभारी. टाचण्या कुणाच्या, ते सांगायला नको. तारीख अठ्ठावीस, वेळ साडेतीन, पण साहेब आले सव्वाचारला.

"अर्जदार, बोला."

मीटरताई डाव्या खुर्चीतून बोलली. बस, पाळणाघर, महिनाअखेर, बाक. भिंगरी पायरीवर बसून वाट बघते, तेही सांगितलं. साहेब छताकडे बघत होते.

"प्रभारी, तुमचं काय म्हणणं?"

मीटरताईने डाव्या खुर्चीतूनच बोलायला सुरुवात केली. टाचणीकाका हळूच म्हणाले, "ताई, खुर्ची."

ती उठली, उजवीकडे बसली. "अर्जदार सांगतेय ते खरं आहे."

"तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"अगदी जवळून."

"कर्मचाऱ्याचं वर्तन कसं आहे?"

"तोंडाळ आहे. पण कामात खोट नाही."

"तोंडाळ म्हणजे?"

"म्हणजे बैठक चारला घ्या, असं साहेबांना तोंडावर सांगणारी."

टाचणीकाकांनी लिहिता लिहिता मान वर केली. "ताई, अर्जदाराला ह्यावर हरकत घ्यायची असेल तर डावीकडे बसावं लागेल."

"नाही घ्यायची. खरंच आहे ते."

"ते अर्जदाराने सांगायला हवं."

ती डावीकडे बसली, "खरंच आहे ते," म्हणाली आणि परत उजवीकडे आली. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"प्रभारी, मला एक सांगा. गरज नव्हती, तर ह्या बाईंना इतके दिवस ठेवून का घेतलंत?"

"तुम्ही पाठवलंत म्हणून."

"मी पाठवणारच! पण नको असलेला माणूस परत पाठवायचा अधिकार प्रभारीला असतो. काय हो काका?"

"असतो," टाचणीकाका म्हणाले.

साहेबांच्या चेहऱ्यावर एकदम तजेला आला. मुख्य कार्यालयाला दोषी हवा होता आणि तो समोरच्या खुर्चीत बसलेला होता. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सावरल्या. "लिहा काका. अर्जदारावर घोर अन्याय झालेला आहे."

"झालेला आहे," टाचणीकाकांनी लिहिलं.

"सबब बदली रद्द. कुशल कारागीर हे पद, मीटर दुरुस्तीचा बाक आणि पूर्वीचा पगार, सगळं उद्यापासून पूर्ववत. झालं? आणा, सही करतो." सही झाली, शिक्का बसला. "अर्जदार, हा घ्या तुमचा हुकूम."

मीटरताई डावीकडे गेली आणि तिने तो दोन्ही हातांनी घेतला. दोनदा वाचला. मीटरसारखा कानाशी धरून ऐकायचा तेवढा बाकी होता.

"आता दुसरा कागद," साहेब खुशीत म्हणाले. "सदर अन्यायास प्रभारी जबाबदार आहेत. अर्जदाराच्या कापलेल्या पगाराची भरपाई प्रभारींच्या पगारातून करावी."

"प्रभारींचा पगार वेगळा नाही, साहेब," टाचणीकाका म्हणाले.

"तो हिशेब तुम्ही बघा. आणि केंद्र प्रमुखाशिवाय ठेवता येत नाही, तेव्हा प्रभारींनी पुढचा आदेश येईपर्यंत टाकी सोडायची नाही."

"पण कर्मचारी तर उद्यापासून बाकावर जातेय."

"कर्मचारी जाईल. प्रभारी राहतील. दोन वेगळे कागद आहेत, काका, घोळ घालू नका!"

टाचणीकाका थांबले. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काय लिहावं ते कळेना. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी होती.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही उजवीकडे या. प्रभारींना प्रश्न आहे."

मीटरताईने हुकुमाची घडी घातली. घडीची आणखी एक घडी घातली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन ओढली आणि चेन नीट लागलीय का ते दोनदा बघितलं. मग डाव्या खुर्चीतून उठली.

"प्रभारी," साहेब उजव्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "लेखी खुलासा किती दिवसांत देताय? तीन? सात?"

खुर्ची गप्प होती.

"मी तुमच्याशी बोलतोय! आज खुलाशाची तारीख घेतल्याशिवाय मी उठणार नाही. प्रभारी!"

मीटरताई दारापाशी पोचली होती. तिने पदर खोचला, चपला पायात सरकवल्या आणि दोन जिने धावत उतरली.