शेवटच्या रांगेतला सेल

आधी चूक कबूल करतो, अनुभव नंतर. मी न मोजता आकडे सांगितले आणि शिक्षा दामूला झाली.

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी इलेक्ट्रिशियन माणूस... नव्वदच्या दशकात नौदलाच्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीवर होतो. घर कोपरखैरण्याला. माझा जोडीदार दामू करावे गावचा. पाण्याखाली पाणबुडी बॅटरीवर चालते. बॅटरीच्या खणात एकाने पोटावर सरपटत जाऊन एकेक सेल तपासायचा, आकडा ओरडून सांगायचा; दुसऱ्याने वर झाकणाशी बसून तो लिहायचा. शेवटची रांग फार अडचणीची. एकदा कंटाळून मी अर्ध्यातूनच अंदाजे आकडे सांगितले. दामूने विश्वासाने लिहिले.

पुढे त्याच रांगेतला एक सेल खराब निघाला. चौकशीत मी म्हणालो, मी सांगितलेले आकडे वेगळे होते. साहेबांनी दामूला धड बोलूही दिलं नाही. अक्षर त्याचं, म्हणजे खोटारडा तोच! नोकरी गेली, तो घरी बसला. त्या चौकशीचा आजही संताप येतो – आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

दोन महिन्यांनी आम्ही समुद्रात होतो. दुपारची वेळ, थोड्याच वेळात चार्जिंग सुरू होणार. मी खणात, वर लिहायला साताऱ्याचा जाधव. शेवटच्या रांगेपाशी मी थांबलो... हो, पुन्हा. अंदाजे आकडा ओठांवर आलाच होता, तेवढ्यात पलीकडून दामूचा आवाज आला – "शेवटचा सेल बघ. पानी उतरलाय."

वरून जाधवने विचारलं, "आत तुझ्यासंगं आनि कोन हाय रं?"

सरपटत गेलो. सेल कोरडा पडत आलेला, तापलेला. तसंच चार्जिंग झालं असतं तर... स्फोट. आमच्यातला एकही घरी परतला नसता.

'भास झाला असेल' म्हणणाऱ्यांची मला चीड येते. दोघांना एकच भास? आणि भासाला नेमका सेल कळतो? दामू त्या दुपारी करावेच्या खाडीत मासे धरत होता. हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही.

बंदराला लागल्याबरोबर साहेबांना लेखी कबुली दिली आणि तसाच करावेला गेलो. दामू ओटीवर बसला होता. सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मना काय सांगतस? आयेला सांग. तिचा पोर खोटारडा हाय, असा सगला गाव बोलतो."

म्हातारी दारातच उभी होती. शेजारीही जमले होते. सगळ्यांदेखत मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, खोटं मी बोललो. तुमचा दामू नाही. मला माफ करा."