दोन वेढे आणि वर एक वीत

लातूर-उदगीरपासून नांदेडपर्यंत असं एकही भंगाराचं दुकान नसेल जिथं माझ्या मेव्हण्यानं बसून चहा पिलेला नाही, आणि असा एकही दुकानदार नसेल ज्याला हा माणूस नेमकं काय घ्यायला आलाय ते वेळेवर कळलं. बेअरिंग पाहिजे असेल तर हा आधी त्याच्या गुडघ्यांची चौकशी करणार, मग पोरीच्या बारावीची, मग देवणी वळूचा भाव काढणार. मी इकडं बंद मशीनजवळ जीव टांगून बसलेलो. फोन केला तर म्हणायचा, "दाजी, भंगारात घाई दाखवायची न्हाई. पार्ट आपणहून वर येतो." आणि खरंच यायचा. म्हणून तर शिव्याही धड देता यायच्या नाहीत.

नांदेडला माझं लहानसं वर्कशॉप आहे. त्यात एक जुनी विलायती मिलिंग मशीन. रसवंतीच्या, तेलघाण्याच्या चक्रांना ती दात पाडून देते. तिचे पार्ट आता कुठं बनत नाहीत, तिच्याच जातीची दुसरी मेलेली मशीन शोधून तिच्यातून काढून आणावे लागतात. हे काम मेव्हण्याचं. स्वतः जन्मभर बिनलग्नाचा, लातूरला एका खोलीत राहणारा, पण पार्टांच्या सोयरिकी जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. "दाजी, उदगीरला स्थळ हाय. बंद पडलेल्या जिनिंगमधलं. घराणं विलायतीच, दात सगळे शाबूत." मी विचारायचो, बघून आलास का? "आलो की. पोहे तेवढे न्हाई दिले." तेव्हा माझी बायको चुलीपासून ओरडायची, "माणसाची पोरगी बघ म्हटलं की पळतंय, अन् चाकाला पोरी बघत गाव हिंडतंय!" तो हसायचा, "वाढ गं आक्का," म्हणत ताट पुढं सरकवायचा. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, सुकट. ती वाढायची थांबेपर्यंत हा जेवायचा, आणि ती काही थांबायची नाही. त्याचं पोट असं सुटलं होतं की दारातून आधी पोट यायचं, मग "जयभीम दाजी", मग मेव्हणा.

त्या पोटाचा त्याला अभिमान होता, कारण ते त्याचं माप होतं. मशीनचा पट्टा तो लातूरला डाळमिलच्या सामानाच्या दुकानातून कापून आणायचा. दुकानदार टेप काढायचा, हा टेप बाजूला सारायचा. पोटाला दोन वेढे आणि वर एक वीत, कापा! "टेप ताणला की खोटं बोलतो, पोट खोटं बोलत न्हाई." आणि तसाच पट्टा शर्टाच्या आत गुंडाळून एसटीत बसायचा. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, "काका, कंबरेचं ऑपरेशन झालं का?" तर ह्यानं अहमदपूरपर्यंत ऑपरेशनची हकिकत सांगितली. आजवर त्याचा पट्टा बोटभरही चुकला नव्हता.

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. पोरगा पुण्याला असतो. पोरगं वाईट नाही. म्हणतं, "बाबा, एकटे कशाला राहता? मशीन भंगारात द्या अन् चला." मी सांगितलं, मशीन चालतेय तोवर मी इथं. तो म्हणाला, ठीक, आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला येतो तेव्हा बघतो, बंद असली तर चलायचं. मी हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून मशीनचा जरा आवाज बदलला की मी हातातलं काम टाकून तिच्याकडं धावायचो.

आणि पोरगा यायच्या दोन दिवस आधीच पट्टा तुटला. नुसता तुटला नाही, चिंध्या झाल्या, माप घ्यायलाही टोकं राहिली नाहीत. मी मेव्हण्याला फोन केला. "दाजी, निघालोच," म्हणाला. पण त्याचं निघणं मला माहीत. वळूचा भाव काढत बसला असेल, बारावीचा निकाल विचारत असेल. सकाळची एसटी आली, तो नाही. दुपारची आली, तो नाही. मी दारात जायचो, आत यायचो, उघड्या पुलीवरून उगीच हात फिरवायचो. संध्याकाळी आला. पोट आधी आलं नाही, म्हणून मला पटकन ओळखूच आला नाही.

शर्ट वर करून त्यानं पट्टा उलगडला. पुल्यांवर घातला आणि टोकं ओढली. भिडेनात. चांगली दीड वीत जागा राहिली.

"आखडला असंल," तो म्हणाला. "उनानं."

"पट्टा आखडतो का रे येड्या?"

"मंग दुकानदारानं कापताना मारला. आक्का असती तर माप खोटं पडू दिलं नसतं कधी."

मी त्याच्याकडं बघितलं. त्या शर्टात माणूस शोधावा लागत होता.

"जेवतोस का न्हाई?"

"जेवून राहिलो की. खानावळीत." पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "तुमची मशीन वर्षभर मोडली न्हाई दाजी. बहीण न्हाई त्या घरात कारण नसताना कसं यावं माणसानं?"

मी त्याला आधी भात-पिठलं खायला घातलं. मग तुटक्या पट्ट्याचा त्यातल्या त्यात धड तुकडा कापला, दोन्हीकडून लोखंडी क्लिपा ठोकल्या आणि जोडला. मशीन चालू झाली, पण एका जोडाच्या जागी दोन जोड, पुलीवरून जाताना टक्-टक् वाजायचं. पोरगा आला तेव्हा आम्ही दोघं पट्ट्यापुढं उभे होतो. त्यानं बराच वेळ कान दिला. "बाबा, काहीतरी वाजतंय." मेव्हणा म्हणाला, "वाजणारच. जिती हाय." पोरगा हसला, मशीनवर हात ठेवला आणि दोन दिवसांनी एकटाच पुण्याला गेला.

तो तुकडा मी अजून बदललेला नाही. कधी सुटेल ह्याचा घोर असतोच. पण त्याहून मोठा घोर लातूरचा. परवा मेव्हण्याचा फोन आला, "जयभीम दाजी. मशीन कशी हाय?"

मशीन झक्कास चालली होती. मी हात लांबवून बटण दाबलं, ती थांबली.

"बंद पडली रे," मी म्हणालो. "सकाळच्या एसटीनं ये. अन् उपाशी ये, मी भाकरी थापून ठेवतो."