रविवारची दुभाषी

आठवड्याचे सहा दिवस मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टायपिंग करायचे आणि सातव्या दिवशी एका परदेशी बाईंचं बोलणं मराठीत करायचे. पहिल्याचा पगार मिळायचा, दुसऱ्याचं पुण्य मिळतं असं वडील म्हणायचे. मला दोन्हीपेक्षा झोप हवी होती. जालना रस्त्याला एकामागून एक शेड उठत होत्या, कारखान्यांना माणसं पुरत नव्हती, आणि मला एक रविवार अंथरुणात काढता येत नव्हता.

त्या बाई स्वयंसेवक म्हणून वर्षभरासाठी आल्या होत्या, खेड्यातल्या पोरांना शिकवायला. करमाडच्या पुढे एका गावात मारुतीच्या देवळाच्या मंडपात आमचा वर्ग भरायचा. गणित, चित्रं, थोडं इंग्रजी. दोन्हीकडचं बोलणं जरा घासूनपुसून द्यायची माझी सवय. एखादी म्हातारी म्हणायची, "ही बया कशाला आली उन्हात मराया इथं?" मी बाईंना सांगायचे, आजी तुमच्या तब्येतीची चौकशी करताहेत. बाई हात जोडायच्या, म्हातारीही खूश. भांडण नको आणि परतीची बस चुकायला नको, एवढंच माझं धोरण.

शेतकऱ्यांची आणि मेंढरं राखणाऱ्यांची पोरं मंडपात बसत, बौद्धवाड्यातली खाली पायऱ्यांपाशी. कुणाला सांगावं लागत नव्हतं. ती तिकडे का बसतात, असं बाईंनी पहिल्याच रविवारी विचारलं. मी शेतकऱ्याच्या घरातली, मंडपात बसणाऱ्यांपैकी. खरं सांगायची लाज वाटली, आणि ते सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचा कंटाळाही आला. म्हटलं, तिथं वारं चांगलं लागतं.

त्या पायऱ्यांपाशी एक मुलगी बसायची. चौथी झालेली, आणि गावातली शाळा चौथीलाच संपलेली. एकदा सांगितलेलं गणित तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. बाईंनी तिचा शहरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या परीक्षेचा अर्ज भरला. पास झाली तर दहावीपर्यंत राहणं, जेवण, शाळा सगळं तिथंच. नाहीतर आईबरोबर रोजानं खुरपायला जायचं, हे ठरलेलं होतं.

त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला. शहरात मोर्चे, दगडफेक. गावांत रोजची ओळखीची माणसं एकमेकांची नजर चुकवायला लागली. अशा एका रविवारी मंडपात फार उकडत होतं. बाईंनी टाळी वाजवली आणि सगळा वर्ग उठवून खाली पायऱ्यांपाशी, वाऱ्याला नेऊन बसवला. पोरांना गंमत वाटली, एकाला एक चिकटून बसली. त्या मुलीला खेटून पाटलांचा नातू. मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं. अर्ध्या तासात तीन-चार आया आल्या आणि आपापली पोरं दंडाला धरून घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी मंडपाच्या दाराला कुलूप होतं. तिथं उभा असलेला एक जण मला म्हणाला, "तिला नाय कळत, तुमाला तर कळतंय ना?" बाईंना मी सांगितलं, देवळाची दुरुस्ती निघाली आहे. वर्ग तिथंच संपला.

मग बाईंना पाठवणाऱ्या संस्थेनं त्यांना शहराबाहेर जायची मनाई केली. परीक्षेला दोन आठवडे होते. त्यांनी मुलीचं प्रवेशपत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, परीक्षेच्या रविवारी तू पहिल्या बसनं जा आणि तिला घेऊन ये. मी मुलीच्या नावानं पोस्टकार्ड टाकलं: आईला घेऊन करमाडच्या स्टँडवर थांब, मी येते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कारखान्यात मला सलग दोन पाळ्या काढाव्या लागल्या. रविवारी जाग आली तेव्हा अंग ठणकत होतं. त्या आठवड्यात गाड्या कधी चालू तर कधी बंद असायच्या. मी पडल्या पडल्या ठरवून टाकलं की आज बस नसणार. स्टँडवर जाऊन बघायलाही उठले नाही. पुढे मी लोकांना सांगत आले की दंगलीची भीती वाटली. भीती नव्हती. मी दमले होते आणि तो एक रविवार मला माझ्यासाठी हवा होता. प्रवेशपत्र पर्समध्येच राहिलं.

सोमवारी बाईंना म्हटलं, बस बंद होती. त्यांनी माझा हात दाबला आणि तू सुखरूप आहेस हेच पुष्कळ, असं म्हणाल्या. महिन्याभरात त्या मायदेशी परत गेल्या.

दोन वर्षांनी आमच्या कारखान्याची नवी शेड बांधायला काढली. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर विटा वाहणाऱ्या बायकांत तिची आई दिसली, आणि आईच्या मागे ती. डोक्यावर पाटी. तिनं मला ओळखलं, पण थांबली नाही. आई थांबली.

"बाई, त्या दिशी आमी करमाडपर्यंत चालत आलो व्हतो," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "तीन गाड्या आल्या. पोरगी दर गाडीला पुढं जाऊन बघायची. तुमी उतरलाच नाय. आजारी व्हता का?"

मी हो म्हणाले. ताप होता.

"मंग बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हिच्या डोस्क्यात लई दिवस तेच. म्हनायची, आपून बौद्धवाड्यातले म्हनून बाई आल्या नाय. मी तवाच म्हनलं, तसल्या नायत त्या."

आणि ती वळून, साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलीला सांगायला लागली, "आयकलं का गं, बाईला ताप व्हता!" मी तिला थांबवलं नाही.