पणजीचा चेहरा बहिणीला मिळाला

माझी पणजी पहाडातली होती, एवढंच आमच्या घरात ठाऊक होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याशा गावातून ती चांदूर रेल्वेला आली, वांग्या-मिरच्यांच्या मळ्यात राबली आणि माहेराबद्दल चकार शब्द न बोलता गेली. वडील गेल्यावर तिचं गाव शोधायचं मी मनावर घेतलं. अकोल्याहून रजा काढून परतवाड्याच्या फेऱ्या मारल्या, कचेरीत जुनी दप्तरं चाळली, भेटेल त्या म्हाताऱ्याला विचारलं. कित्येक वर्षं गेली, हाती काही लागलं नाही.

माझ्या चुलत बहिणीला ते गाव लग्नाच्या पंगतीत सापडलं.

ती अमरावतीला राहते, माझ्याहून लहान. पणजीचं तिला कधीच काही पडलेलं नव्हतं. परतवाड्याला मैत्रिणीकडच्या लग्नात ती जेवायला बसली, तर शेजारच्या म्हातारीनं तिची हनुवटीच धरली.

"कोनाची वं तू? तू तं माह्या सासूवानी दिसतं."

बोलता बोलता चांदूरचा विषय निघाला, मळ्याचा निघाला, आणि सगळं जुळलं. बहिणीनं लगेच मला फोन केला. "ताई, तुझी पणजी सापडली!"

मी "वा, छानच झालं" म्हणाले. फोन ठेवल्यावर शेगडीवरची भाजी करपली तरी मी तशीच उभी होते. माझा चेहरा आईवर गेलाय. लहानपणी सगळे त्याचं कौतुक करायचे. त्या दिवशी मात्र आरशात बघावंसं वाटेना.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी त्या गावी गेलो. मी रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत, तिथून तिच्या गाडीनं. वाटेत ती सुनेबद्दल बोलत होती आणि मी म्हातारीला विचारायचे प्रश्न मनात घोकत होते.

म्हातारी अंगणात बाजेवर बसली होती. बहिणीला पाहताच तिनं हात पसरले. "आली का वं माय!" माझ्याकडे वळून विचारलं, "अन् ह्या कोन?"

"माझी मोठी बहीण. पणजीला हीच शोधून राहिली होती इतकी वर्षं," बहीण म्हणाली.

"असं का? बसा," म्हातारी म्हणाली. बहिणीचा हात तिनं सोडला नाही.

मग तिनं जे सांगितलं ते आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. पणजीचं पहिलं लग्न याच गावात झालं होतं. नवरा तापानं गेला तेव्हा पदरात लहान मुलगी होती. पुढे चांदूरच्या बागायतदाराशी तिचा पाट लागला. सासरच्यांनी तिला जाऊ दिलं, पण पोरगी ठेवून घेतली. तीच पोरगी या म्हातारीची सासू.

"मोठी झाल्यावर ते एकडाव मायले पाहाले गेली चांदूरच्या बाजारात," म्हातारी म्हणाली. "माय भाजी इकत होती. मांडीपाशी पोरगं बसलं होतं. मायनं गाजर पदरानं पुसलं अन् त्याच्या हातात देल्लं. माही सासू समोर उभी. माय म्हने, काय देऊ बाई?"

"ओळखलं नाही?" मी विचारलं.

"कसं ओळखन? पावभर वांगे घेतले अन् वापस आली. मंग मरेपर्यंत म्हने, त्या पोराचं वाटोळं व्हावं असं वाटलं मले त्या दिवशी."

ते पोरगं म्हणजे माझे आजोबा. बहीण रडायला लागली. मला रडू आलं नाही. वांगी घेऊन परत निघालेली ती बाई मला इतकी जवळची वाटली, की तिच्याबद्दल म्हातारीनं बहिणीकडे बघून नाही, माझ्याकडे बघून बोलावं, असं वाटत राहिलं. निघताना तिनं दोघींच्या ओट्या भरल्या, पण कडाकडा बोटं मोडली ती बहिणीवरून.

परतताना बहीण म्हणाली, "ताई, हे सारं तूच लिहून काढ. मले नाही जमत." ते ती मनापासून म्हणाली. तिचा राग करायला तेवढीही जागा तिनं ठेवली नाही.

दिवाळीनंतर मी एसटीनं एकटीच गेले, बहिणीला न सांगता. म्हातारी वालाच्या शेंगा सोलत होती. बराच वेळ निरखून तिनं ओळखलं.

"तुमी का? ते नाई आली?"

"नाही," मी म्हटलं. "तिले वेळ नाही."

खरं तर मी तिला विचारलंच नव्हतं.

म्हातारीनं बाजेवर जरा सरकून जागा केली आणि सूप दोघींच्या मधे ठेवलं. सासूला राग आला की ती कशी दिवसभर कुणाशी बोलायची नाही, ते ती सांगू लागली. मी शेंगा सोलत ऐकत राहिले.